उठताना अंधारी का येते?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पहाटे साडेचारला फोन वाजला. ‘डॉक्टर, मामंजी बाथरूमच्या दाराशी पडलेत. उठताच येत नाहीये. लवकर या.’ पलीकडून गुरुजींच्या सूनबाई बोलत होत्या.

गुरुजी म्हणजे मला चौथीला शिकवणारे गुरुजी. आज त्यांचे वय ७९. मी पोहोचलो तेव्हा त्यांचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला आणि किंचित आखूड दिसत होता. खुब्याचे हाड मोडले आहे, हे ओळखायला एक्स-रेची गरज नव्हती. घरातल्या सगळ्यांचे म्हणणे एकच, फरशी ओली होती, पाय घसरला. पण गुरुजी कण्हत कण्हत म्हणाले, ‘पाय नाही रे घसरला. लघवीला म्हणून उठलो, चार पावलं टाकली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढचं काही आठवत नाही.’

त्यांच्या या एका वाक्यात निदान होते. आणि वाचकहो, प्रांजळपणे सांगायचे तर त्यात माझी चूकही होती. पंधराच दिवसांपूर्वी गुरुजी दवाखान्यात आले होते. ‘हल्ली उठताना जरा गरगरतं,’ असे ते म्हणाले होते. मी त्यांना खुर्चीवर बसवून रक्तदाब मोजला. १३४/८० भरला. ‘उत्तम आहे गुरुजी, वयोमानाने होतं थोडं,’ असे म्हणून मी पुढच्या पेशंटला आत बोलावले. त्यांना उभे करून पुन्हा एकदा मोजायला मला तीन मिनिटे लागली असती. ती तीन मिनिटे मी दिली नाहीत. म्हणून आजचा लेख या विषयावर.

उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हे

आपल्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते. आपण आडवे असतो तेव्हा डोके, हृदय आणि पाय एका पातळीत असतात, त्यामुळे ते सगळीकडे सहज फिरते. पण आपण उठून उभे राहिलो की गुरुत्वाकर्षणाने सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांच्या आणि पोटाच्या शिरांमध्ये उतरते. तेवढे रक्त हृदयाकडे कमी परतते. हृदयात कमी आले की हृदयातून कमी बाहेर पडते आणि रक्तदाब खाली जाऊ लागतो.

इथे मेंदूची पंचाईत होते, कारण तो सगळ्यांत वरच्या मजल्यावर राहतो. नळाचा दाब कमी झाला की तळमजल्यावर पाणी येत राहते, पण वरच्या बिऱ्हाडाचा नळ आधी कोरडा पडतो, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. मेंदूजवळ साठवणीची टाकीही नाही. सहा ते दहा सेकंद जरी त्याचा रक्तपुरवठा थांबला तरी माणसाची शुद्ध हरपते.

असे असूनही आपण दिवसातून पन्नास वेळा उठतो-बसतो आणि आपल्याला काही होत नाही. कारण दाब घसरू लागताच शरीर तो आपोआप सावरून घेते. तापलेल्या तव्याला बोट लागले की विचार करण्याआधीच हात मागे येतो, तशीच ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. फरक इतकाच की ती आपल्याला दिसत नाही.

मानेतले पहारेकरी

कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना बोट ठेवले की ठोके लागतात. त्या मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्या. जबड्याच्या कोनाखाली जिथे या रोहिणीला दोन फाटे फुटतात, तिथे तिची भिंत थोडी फुगीर असते आणि त्या भिंतीत मज्जातंतूंची बारीक टोके पसरलेली असतात. अशीच टोके हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीतही असतात. हे आपले पहारेकरी. रक्ताच्या दाबाने भिंत किती ताणली जाते, यावर त्यांचे लक्ष असते. दाब वाढून भिंत जास्त ताणली गेली की ते मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेकडे भराभर संदेश पाठवतात. दाब कमी झाला की संदेश मंदावतात.

लंबमज्जेच्या हाती ब्रेकही आहे आणि ॲक्सिलरेटरही. हृदयाचा ब्रेक म्हणजे व्हेगस नावाचा मज्जातंतू. तरुण माणसाच्या हृदयाला सगळ्या मज्जातंतूंपासून मोकळे सोडले तर ते मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देईल. आपली नाडी सत्तर-बहात्तर लागते, ती व्हेगसने सतत ब्रेकवर पाय ठेवलेला असतो म्हणून. ॲक्सिलरेटर म्हणजे सिंपथेटिक मज्जातंतू. ते हृदयाचा वेग आणि जोर वाढवतात, शिवाय हातापायांच्या आणि पोटाच्या रक्तवाहिन्या आवळून रक्त वर ढकलतात.

आपण उभे राहिलो की दाब किंचित घसरतो. पहारेकऱ्यांचे संदेश मंदावतात. लंबमज्जा आधी ब्रेक सोडते, त्याचा परिणाम एक-दोन ठोक्यांत दिसतो. मग ॲक्सिलरेटर दाबला जातो, त्याला काही सेकंद लागतात. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत खाली गेलेला दाब निरोगी माणसात अर्ध्या मिनिटाच्या आत जागेवर येतो. दाब एकाएकी वाढला तर नेमके उलटे घडते. ब्रेक लागतो, नाडी मंदावते आणि रक्तवाहिन्या सैल पडतात.

हे ज्ञान एका दिवसात मिळालेले नाही. १८६६ साली लुडविग आणि सायन या शास्त्रज्ञांना सशामध्ये असा एक मज्जातंतू सापडला, की तो उत्तेजित केल्यावर रक्तदाब उतरतो आणि हृदयाचा वेग मंदावतो. मानेतल्या त्या फुगीर भागाचे काम १९२० च्या दशकात हेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले. पुढे गळ्यातल्या आणि महारोहिणीतल्या याच यंत्रणेचा श्वसनाच्या नियमनाशी असलेला संबंध उलगडल्याबद्दल बेल्जियमचे हेमान्स यांना १९३८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

घरी करून पाहा

हा प्रयोग घरी करता येतो. पाच मिनिटे शांत पडून राहा. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून अर्धा मिनिट नाडी मोजा आणि दुप्पट करा. मग उभे राहा आणि एक मिनिटाने पुन्हा मोजा. बहुतेकांची नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी वाढलेली आढळेल. हेच ते ब्रेक सोडणे. ज्यांना उठताना चक्कर येते त्यांनी मात्र हा प्रयोग एकट्याने करू नये. कोणीतरी जवळ असावे आणि मागे पलंग असावा. मानेवरची रोहिणी दाबून पाहण्याचा उद्योग तर कोणीच करू नये. काही वयस्कर माणसांत तेवढ्यानेही नाडी एकदम मंदावते.

पहारेकरी कमी कधी पडतात?

वयाबरोबर रोहिण्या कडक होतात. जुने रबर जसे ताणले जात नाही, तशी त्यांची भिंतही कमी ताणली जाते आणि पहारेकऱ्यांना बदल उशिरा कळतो. मधुमेह बरीच वर्षे असेल तर हृदयाकडे आणि रक्तवाहिन्यांकडे जाणारे मज्जातंतूच कमजोर होतात. निरोप निघतो, पण पोहोचत नाही. कंपवाताच्या रुग्णांतही असे होते.

दुसरे कारण म्हणजे शरीरातले पाणी कमी होणे. जुलाब, उलट्या, ताप, उन्हाळ्यातला घाम आणि आपले उपास. निर्जळी एकादशी करायची आणि लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळीही घ्यायची, हा दुहेरी मार होतो. भरपेट जेवणानंतर वयस्कर माणसांचा दाब उतरतो, कारण रक्त आतड्यांकडे वळते. कडकडीत पाण्याने अंघोळ केली की त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात. मद्यानेही तेच होते.

तिसरे कारण गोळ्या, आणि गुरुजींच्या बाबतीत ते महत्त्वाचे ठरले. त्यांची औषधांची पिशवी मी पलंगावर उपडी केली. त्यात माझ्या रक्तदाबाच्या दोन गोळ्या होत्या, त्यांतली एक लघवी वाढवणारी. मधुमेहाची एक होती. आणि चौथी, मला ठाऊक नसलेली, प्रोस्टेटच्या त्रासासाठी तीन आठवड्यांपूर्वी शहरातून लिहून आणलेली. ही गोळी लघवीचा मार्ग सैल करते, पण काही जणांत रक्तवाहिन्याही सैल करते. ‘मला सांगितलं का नाही?’ असे विचारल्यावर गुरुजी म्हणाले, ‘लघवीच्या गोळीचा बीपीशी काय संबंध, असं वाटलं.’ त्यांना तसे वाटणे साहजिक होते. विचारणे माझे काम होते.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी त्यांना वॉकर धरून उभे केले तेव्हा पुन्हा गरगरले. आडवे असताना रक्तदाब १३८/८२ होता, उभे राहिल्यावर १०४/६६. नाडी मात्र ७२ वरून जेमतेम ७५. शस्त्रक्रियेतला रक्तस्राव आणि अंथरुणात पडून राहणे यांचाही त्यात वाटा होता. पण एवढा दाब घसरूनही नाडी जागची हलली नव्हती, म्हणजे पहारेकऱ्यांचा निरोप हृदयापर्यंत नीट पोहोचत नव्हता. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा दाब २० किंवा खालचा १० ने उतरला तर तो दोष मानतात. गुरुजींचा वरचा ३४ ने उतरला होता.

शरीर वाढलेला रक्तदाब का उतरवत नाही?

हा प्रश्न चाणाक्ष वाचकांच्या मनात आलाच असेल. इतके दक्ष पहारेकरी असताना इतक्या लोकांना रक्तदाबाचा विकार होतोच कसा? याचे कारण असे की हे पहारेकरी क्षणाक्षणाच्या चढउतारासाठी आहेत, वर्षानुवर्षांच्या हिशेबासाठी नाहीत. दाब सतत वाढलेला राहिला तर थोड्याच दिवसांत ते त्या वाढलेल्या दाबालाच योग्य दाब समजू लागतात. रेल्वे रुळांशेजारी राहणाऱ्याला गाडीचा आवाज ऐकू येईनासा होतो, त्यातलाच प्रकार. दीर्घकाळचा हिशेब मुख्यतः मूत्रपिंडे ठेवतात, मीठ आणि पाणी यांचे प्रमाण सांभाळून. म्हणून तर आम्ही मीठ कमी करा म्हणून मागे लागतो.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, ‘मला काही त्रास नाही, म्हणजे बीपी नाही’ हे खरे नव्हे. पहारेकरीच गप्प बसल्यावर तक्रार करणार कोण? रक्तदाब मोजल्यावरच कळतो. दुसरी, औषध सुरू केल्यावर पहिले काही दिवस थोडे गळून गेल्यासारखे वाटू शकते, कारण पहारेकऱ्यांना जुन्या वाढलेल्या दाबाची सवय असते. हळूहळू ते नव्या पातळीला रुळतात. म्हणूनच डॉक्टर डोस बेताबेताने वाढवतात.

चक्कर आली म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करणे हा तर आगीतून फुफाट्यात जाण्याचा मार्ग. वाढलेला दाब पुन्हा मोकाट सुटतो आणि एखाद्या दिवशी अर्धांगवायूच्या रूपाने भेटतो. गुरुजींच्या गोळ्या मी बंद केल्या नाहीत. लघवी वाढवणारी बदलली, प्रोस्टेटच्या गोळीबद्दल सर्जनशी बोलून ती झोपण्याच्या वेळेवर नेली आणि रात्री पलंगाशेजारी लघवीचे भांडे ठेवायला सांगितले.

धडधाकट माणसालाही घेरी येते

स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनाला उपाशीपोटी, उन्हात ताठ उभा असलेला मुलगा धाडकन कोसळतो. आषाढीला पंढरपूरच्या दर्शनबारीत तासन्‌तास उभ्या असलेल्या माणसाला घेरी येते. इंजेक्शनची सुई पाहूनच कोणी पांढरे पडते. यांचे पहारेकरी कमजोर नसतात. इथे हीच यंत्रणा काही क्षण उलटी फिरते. व्हेगसचा ब्रेक करकचून लागतो आणि रक्तवाहिन्याही सैल पडतात. आधी जांभया, मळमळ, घाम, कानात गुणगुण आणि डोळ्यांपुढे अंधुकपणा, अशी सूचना बहुधा मिळते.

अशा वेळी लोक घोळका करतात, नाकाशी कांदा किंवा चप्पल धरतात, उचलून खुर्चीत बसवतात आणि बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओततात. यांतले काहीही करू नये. बसवण्याने मेंदूचा रक्तपुरवठा आणखी तुटतो आणि पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. जमिनीवर आडवे करा, पाय हातभर उंच धरा, गळ्याचे बटण सोडा, वारा येऊ द्या. साधी घेरी असेल तर एक-दोन मिनिटांत माणूस डोळे उघडतो. नीट शुद्धीवर आल्यावरच पाणी द्या आणि लगेच उभे करू नका. ‘डॉक्टर, एक सलाईन लावा’ हा आग्रहही नको. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झाले असेल तेव्हा सलाईनचा उपयोग होतो, साध्या घेरीला नाही.

काय काळजी घ्यावी?

१) सकाळी आणि रात्री उठताना तीन टप्पे पाळा. आधी कुशीवर वळून पलंगाच्या काठावर बसा आणि मिनिटभर पाय हलवा. मग आधार धरून उभे राहा. थोडे थांबा आणि मगच पाऊल टाका.

२) देशी संडासात उकिडव्या स्थितीतून उठताना दाब चटकन उतरतो. धरायला भिंतीला दांडा बसवून घ्या. ज्येष्ठ पुरुषांनी रात्री लघवी बसूनच करावी. कडी आतून लावू नये.

३) उभ्याउभ्या गरगरले तर लाज न बाळगता खाली बसा, शक्य असेल तर आडवे व्हा. बसायला जागाच नसेल तर पायांची कात्री करून मांड्या आवळा. स्नायू आवळले की शिरांमधले रक्त वर ढकलले जाते. रांगेत उभे असताना टाचा वरखाली करत राहा.

४) पुरेसे पाणी प्या. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून घ्यायला सांगितले असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावे. ‘बीपी लो झालं’ म्हणून रक्तदाबाच्या रुग्णाने स्वतःच्या मनाने मिठाचे पाणी पीत सुटू नये.

५) छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी नेहमी बसूनच घ्या.

६) उपासाच्या दिवशी गोळ्यांचे काय करायचे, ते आधीच विचारून ठेवा.

७) कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना सगळ्या औषधांची पिशवी बरोबर न्या. लघवीची, झोपेची, नैराश्याची, आयुर्वेदिक, सगळी.

८) घरी बॅटरीवरचे यंत्र असेल तर पाच मिनिटे आडवे पडून एकदा आणि उभे राहून एक व तीन मिनिटांनी असा रक्तदाब मोजा. मोजताना दंड हृदयाच्या पातळीत ठेवा. आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा.

काही लक्षणे असतील तर मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नये. बसल्या-आडव्या स्थितीत किंवा जिना चढताना, पळताना शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा धडधड होऊन घेरी येणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, डांबरासारखी काळी शौचाला होणे, किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

गुरुजी आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत येतात. परवा मी त्यांच्याकडे गेलो, आधी आडवे असताना रक्तदाब मोजला, मग उभे करून मोजला. १३६ चा १२४ झाला. मी समाधानाने पट्टा सोडवत असताना ते म्हणाले, ‘इतकी वर्षं तू मला बसवूनच तपासत होतास. पडायला मी उभाच असायला हवा होतो ना!’ चौथीत गणित चुकल्यावर ज्या स्वरात बोलायचे, त्याच स्वरात. त्या दिवसापासून साठीच्या पुढच्या प्रत्येक पेशंटला मी उभे करून तपासतो. तुमचे डॉक्टर गर्दीत विसरले, तर तुम्ही संकोच न करता आठवण करून द्या. ‘डॉक्टर, एकदा उभं राहून मोजता का?’ एवढेच म्हणायचे आहे.